जीडीबीच्या पायथन स्क्रिप्ट्स २.७ आणि ३ या दोन्हींवर चालवायच्या असतील तर

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला उद्देशून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. सी++ मध्ये लिहिलेल्या एका मोठ्या सर्व्हर-प्रोग्रामसाठी तुमच्या गटाने जीडीबी या डीबगरच्या, म्हणजे प्रोग्राममधले दोष शोधण्याच्या साधनाच्या, पायथन स्क्रिप्ट्स लिहिल्या आहेत. त्यांत तुमच्या स्वतःच्या डेटा-स्ट्रक्चर्सचे प्रेटी-प्रिंटर (ती वाचता येईल अशा रूपात छापणारे कोड) आहेत आणि रांगेत अडकलेल्या विनंत्या दाखवणारे काही आदेशही आहेत. सेंटओएस ७ असलेल्या जुन्या सर्व्हरवर त्या व्यवस्थित चालतात, उबंटू २२.०४ वर मात्र आधी प्रिंटच्या ओळीवर सिंटॅक्स एरर येते, आणि ती दुरुस्त केली की 'लाँग' हे नाव सापडत नाही अशी तक्रार येते. दुसरीकडे, सेंटओएसवर पायथन ३ बसवूनही जीडीबी २.७ हाच आकडा दाखवतो. अशा वेळी स्क्रिप्ट्सच्या दोन प्रती ठेवाव्यात, की एकच प्रत दोन्हीकडे चालेल अशी लिहावी, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की प्रत एकच ठेवावी; पण त्याआधी, ती जुन्या जीडीबीवर चालवण्याची खरोखर गरज आहे का, हे तपासून पाहावे. पुष्कळदा ती गरज नसते. फंक्शन्सची नावे आणि आदेश मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना ती अर्थातच मूळ रोमन रूपात लिहावी लागतील.

सेंटओएसवरचा घोळ आधी सोडवू, कारण बाकीच्या सगळ्याचे मूळ तिथेच आहे. जीडीबीमध्ये पायथन आले ते ७.० या आवृत्तीत, म्हणजे २००९ साली, आणि ते बाहेरून बोलावलेले पायथन नव्हे. जीडीबी बांधला जातो त्या वेळी पायथनची लायब्ररी त्याला जोडली जाते आणि पुढे तुमची प्रत्येक स्क्रिप्ट त्या जोडलेल्या इंटरप्रिटरमध्येच चालते. मशीनवर नंतर बसवलेल्या पायथनचा, तुम्ही चालू केलेल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेल्या इंटरप्रिटरच्या मार्गाचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. सेंटओएस ७ चा जीडीबी ७.६.१ हा पायथन २.७ ला जोडून बांधलेला आहे आणि तो तसाच राहणार. उबंटू २२.०४ वरचा जीडीबी पायथन ३.१० ला जोडलेला आहे. म्हणून 'या मशीनवर कोणते पायथन आहे' हा प्रश्न निरुपयोगी असून 'या जीडीबीच्या पोटात कोणते पायथन आहे' हे विचारावे लागते. त्यासाठी जीडीबी उघडून त्याच्याच पायथन आदेशातून सिस मॉड्यूलमधले 'व्हर्शन' छापून पाहावे. कंस घालून एकच गोष्ट छापली तर ती ओळ पायथन २ आणि ३ दोन्हींत चालते, त्यामुळे ही तपासणी कुठेही करता येते.

याचा एक उपद्रवी उपप्रकारही आहे. शेलमध्ये पायथनपाथ किंवा पायथनहोम ही चले एखाद्या वेगळ्या आवृत्तीसाठी ठरवून ठेवलेली असतील, तर जीडीबीच्या पोटातले पायथन ती मुकाट्याने वाचते आणि चुकीच्या आवृत्तीची लायब्ररी उचलू पाहते. मग जीडीबी सुरू होतानाच 'जीडीबी नावाचे मॉड्यूल सापडत नाही' असा चमत्कारिक इशारा दिसतो आणि माणसे आपल्या स्क्रिप्टमधला दोष शोधत बसतात. ती चले काढून टाकून जीडीबी पुन्हा सुरू केला, की खरे कारण काय आहे ते लगेच कळते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पाहू. तुम्ही जुन्या सर्व्हरवर बहुधा कोअर फायली (प्रोग्राम कोसळताना जतन झालेली त्याच्या मेमरीची नक्कल) उघडता की चालू प्रोसेसला जोडून घेता, हे तुमच्या प्रश्नात स्पष्ट नाही. कोअर फाइल उघडायची असेल आणि ती त्या मशीनबाहेर नेण्याची परवानगी असेल, तर प्रोग्राम, त्याने वापरलेल्या शेअर्ड लायब्ररी आणि डीबग माहिती यांसह ती नव्या मशीनवर आणावी, जीडीबीला सिसरूटचा मार्ग देऊन त्या जुन्या लायब्ररी दाखवाव्यात, आणि स्क्रिप्ट्स नव्या जीडीबीवरच चालवाव्यात. चालू प्रोसेस पाहायची असेल तर जुन्या मशीनवर फक्त जीडीबीसर्व्हर ठेवावा. जीडीबीसर्व्हरमध्ये पायथन मुळीच नसते. तो मेमरी, रजिस्टर आणि ब्रेकपॉइंट यांची देवाणघेवाण करतो आणि स्क्रिप्ट्स तुमच्या नव्या मशीनवरच्या जीडीबीमध्ये चालतात. या दोन मार्गांपैकी एक जरी मोकळा असला, तरी पायथन २.७ ची चिंता तुमच्या कामातून जवळजवळ संपते.

पण बँका, विमा कंपन्या किंवा सरकारी यंत्रणा यांच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना ठाऊक असते की कोअर फाइल बाहेर नेणे म्हणजे ग्राहकांची माहिती बाहेर नेणे, आणि तशी परवानगी सहसा मिळत नाही. नेटवर्क पोर्ट उघडणे तर त्याहून अवघड. अशा ठिकाणी मशीनवर जो जीडीबी आहे त्याच्यावरच भागवावे लागते. तुम्ही त्या गटात मोडत असाल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

दोन प्रती ठेवण्याच्या विरोधात मी का आहे तेही सांगते. डीबगरची स्क्रिप्ट रोज चालत नाही. ती चालते मध्यरात्री, काहीतरी कोसळल्यावर, आणि बहुधा ती लिहिणाऱ्या व्यक्तीच्या हातून चालत नाही. प्रोग्राममधले एखादे स्ट्रक्चर बदलले की दोन्ही प्रतींत तो बदल करावा लागतो आणि ज्या प्रतीकडे कमी लक्ष असते ती मागे पडते. मागे पडलेली स्क्रिप्ट एरर देऊन थांबली तर ठीक. ती चुकीच्या फील्डमधून वाचून सफाईदारपणे खोटा आकडा दाखवते तेव्हा खरे नुकसान होते. दोन पायथनमधला फरक हाताळण्याचा खर्च एकदाच करावा लागतो, तर दोन प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवण्याचा खर्च कायमचा मागे लागतो.

एकच प्रत ठेवायची तर पहिला नियम असा की व्याकरणाचा फरक आणि वागणुकीचा फरक यांची गल्लत करू नये. वागणुकीतला फरक 'इफ' लावून सांभाळता येतो, व्याकरणातला येत नाही, कारण पायथन पूर्ण फाइल आधी वाचून तिचे व्याकरण तपासते आणि मगच पहिली ओळ चालवते. तुमच्या सहकाऱ्याने 'आवृत्ती ३.६ पेक्षा जास्त असेल तरच' अशी अट घालून आत एफ-स्ट्रिंग (मजकुरातच चले भरण्याची नवी लेखनपद्धत) लिहिली आहे, २.७ वर ती अट तपासली जाण्यापूर्वीच फाइल नाकारली जाईल. त्यामुळे सामायिक फायलींत एफ-स्ट्रिंग, टाइप-अ‍ॅनोटेशन किंवा नव्या पद्धतीचे 'मॅच' वापरता येणार नाही. प्रिंटसाठी फाइलच्या अगदी वर फ्यूचर मॉड्यूलमधून प्रिंट-फंक्शन आयात करावे, किंवा मी करते तसे प्रिंट टाळून जीडीबीचे स्वतःचे 'राइट' वापरावे. एररचे नाव पकडताना स्वल्पविरामाऐवजी 'अ‍ॅज' लिहावे; ते पायथन २.६ पासून चालते. मजकूर जुळवण्यासाठी 'फॉरमॅट' पुरेसे आहे, मात्र एखाद्या कोपऱ्यात रेड हॅट ६ चा जीडीबी ७.२ अजून शिल्लक असेल तर त्याच्या पोटात २.६ आहे आणि तिथे रिकामे महिरपी कंस चालत नाहीत, आत क्रमांक द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट रचनेची. जीडीबीमध्ये 'सोर्स' आदेशाने उघडलेल्या सगळ्या पायथन फायली एकाच मुख्य नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या एकाच सामायिक यादीत, चालतात. दोन फायलींत एकाच नावाचे मदतनीस फंक्शन असेल तर नंतरची फाइल आधीचे फंक्शन पुसून टाकते, आणि हे आवृत्तीनुसार नव्हे तर फायली उघडण्याच्या क्रमानुसार घडत असल्यामुळे भलताच संशय निर्माण होतो. म्हणून 'सोर्स' करण्यासाठी एकच छोटी फाइल असावी. तिने आपला मार्ग सिस-पाथमध्ये घालावा, आवृत्ती पाहावी आणि बाकीचे सगळे मॉड्यूल म्हणून आयात करावे. ही फाइल सर्वांत जुन्या पायथनलाही वाचता येईल इतकी साधी ठेवावी, म्हणजे आवृत्ती न चालणारी असेल तेव्हा निदान स्वच्छ शब्दांत तसे सांगता येते. आवृत्तीची तुलना सिस-व्हर्शन-इन्फो या टपलशी करावी. व्हर्शनच्या मजकुराची पहिली तीन अक्षरे कापून तुलना करणारा कोड अजूनही सर्रास आढळतो, पायथन ३.१० आल्यावर अशा कोडला ती ३.१ वाटू लागली.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या साऱ्या खटाटोपात मी एकच पथ्य कसोशीने पाळते: जीडीबीकडून आलेली किंमत (व्हॅल्यू, म्हणजे प्रोग्राममधून वाचलेला आकडा, पत्ता किंवा मजकूर) स्क्रिप्टच्या आत तशीच फिरू द्यायची नाही, दारातच तिचे साध्या पायथन पूर्णांकात किंवा मजकुरात रूपांतर करायचे, आणि हे रूपांतर करणारी फंक्शन्स एकाच मॉड्यूलमध्ये ठेवायची. पायथन २ आणि ३ मधले तुम्हाला छळणारे बहुतेक फरक याच दारात उभे असतात.

तुमचे 'लाँग', म्हणजे पायथन २ मधला मोठ्या पूर्णांकांचा प्रकार, हे त्याचे नेमके उदाहरण आहे. पायथन ३ मध्ये 'लाँग' नाही, म्हणून सगळीकडे 'इंट' लिहावे असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. तसे केलेत तर नवीन मशीनवर काम होईल आणि जुन्यावर बिघडेल. पायथन २ ला जोडलेल्या जीडीबीमध्ये पॉइंटर-प्रकारच्या (मेमरीतला पत्ता असलेल्या) किमतीवर 'इंट' लावले तर जीडीबी रूपांतर नाकारतो, 'लाँग' लावले तर ते देतो. पायथन ३ मध्ये ही दोन्ही रूपांतरे एक झाल्यामुळे 'इंट' पॉइंटरलाही चालते. म्हणजे जुन्या कोडमध्ये 'लाँग' लिहिणाऱ्याने ते हौसेने लिहिले नव्हते. यावरचा उपाय एका ओळीचा आहे: आवृत्ती ३ असेल तर 'लाँग' या नावाला 'इंट' नेमून द्यावे आणि पुढे 'लाँग'च वापरावे. जीसीसी या कंपायलरसोबत येणाऱ्या लिबस्टडसी++ या सी++ लायब्ररीच्या प्रेटी-प्रिंटरांनीही वर्षानुवर्षे हेच केले आहे. मी ते नाव उघड्यावर न ठेवता 'पत्ता' आणि 'पूर्णांक' अशा अर्थाच्या दोन छोट्या फंक्शनांत बंद करते.

पत्ता छापतानाही जपावे. पायथन २ मध्ये 'लाँग'ला 'हेक्स' लावले की आकड्याच्या शेवटी एक एल हे अक्षर चिकटते, पायथन ३ मध्ये चिकटत नाही. डोळ्यांनी वाचताना ते खटकत नाही, पण ते आउटपुट दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टकडे जात असेल किंवा टेस्टमध्ये ताडून पाहिले जात असेल तर गोंधळ होतो. टक्केचिन्ह आणि एक्स हा जुना फॉरमॅट दोन्हीकडे सारखाच वागतो.

भागाकाराबाबत एक सूक्ष्म गोष्ट आहे. जीडीबीची किंमत ही किंमत म्हणूनच असताना तिला भागले तर भागाकार सी भाषेच्या नियमाने होतो, म्हणजे दोन पूर्णांकांचे उत्तर पूर्णांकच येते. तीच किंमत आधी 'इंट' करून मग एका तिरप्या रेघेने भागली, तर पायथन ३ मध्ये उत्तर अपूर्णांकात येते. व्हेक्टरमधील घटकांची संख्या काढताना दोन पत्त्यांचे अंतर घटकाच्या आकाराने भागावे लागते, आणि तिथे अपूर्णांक आला की पुढे 'रेंज' फंक्शन तो नाकारते. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी साध्या पूर्णांकात रूपांतर आणि मग दुहेरी रेघेचा भागाकार. तो दोन्ही आवृत्त्यांत एकच अर्थ राखतो.

दारातच रूपांतर करण्याचे आणखी दोन फायदे आहेत आणि त्यांचा आवृत्तीशी संबंध नाही. जीडीबीच्या किमतीचा हॅश (संचात ती शोधण्यासाठी वापरला जाणारा आकडा) तिच्यातल्या आकड्यावरून नव्हे, तर त्या पायथन वस्तूच्या ओळखीवरून ठरतो. त्यामुळे भेट दिलेल्या नोडांची नोंद ठेवण्यासाठी तुम्ही अशा किमती संचात घातल्या, तर एकच नोड दोनदा आला तरी तो नवा वाटतो आणि वर्तुळाकार यादी कधीच संपत नाही. शिवाय जीडीबी मेमरी लगेच न वाचता गरज पडेल तेव्हा वाचतो. किंमत हातात घेतली म्हणजे ती वाचली असे होत नाही. वाचता न येणाऱ्या पत्त्याची एरर मग भलत्याच ओळीवर उमटते. दारात रूपांतर केले की एरर दारातच येते.

मजकुराचे प्रकरण सर्वांत किचकट आहे, आणि आपल्याकडे ते टाळताही येत नाही. किमतीचे 'स्ट्रिंग' हे फंक्शन पायथन २ मध्ये युनिकोड वस्तू देते, पायथन ३ मध्ये साधी स्ट्रिंग देते. प्रोग्राममधले ग्राहकाचे गाव 'पुणे' असे यूटीएफ-८ मध्ये साठवलेले असेल, तर पायथन २ मध्ये ती युनिकोड वस्तू साध्या स्ट्रिंगमध्ये मिसळताक्षणी अ‍ॅस्कीची एरर येऊ शकते, तर इंग्रजी नावांवर सगळे सुरळीत चाललेले दिसते. त्यामुळे टेस्टच्या डेटामध्ये देवनागरी नाव हटकून ठेवावे. 'स्ट्रिंग' बोलावताना एन्कोडिंग स्पष्ट द्यावे, आणि चुकीच्या बाइटांसाठी 'रिप्लेस' ही सूचना द्यावी. कोसळलेल्या प्रोग्रामची मेमरी बिघडलेली असणे हेच तिथे अपेक्षित असते, आणि एका बिघडलेल्या अक्षरामुळे पूर्ण यादी दिसू नये हे परवडत नाही. लांबी देत असाल तर ती मूळ 'कॅर'च्या मापाने मोजली जाते हे विसरू नये: 'पुणे' हे युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हांचे असले तरी यूटीएफ-८ मध्ये त्याचे बारा बाइट होतात आणि इथे बारा हाच आकडा द्यावा लागतो.

कच्ची मेमरी वाचताना इन्फिरियरचे (म्हणजे डीबग होत असलेल्या प्रोग्रामचे) 'रीड-मेमरी' पायथन २ मध्ये बफर देते, पायथन ३ मध्ये मेमरीव्ह्यू देते, आणि त्यातला एक घटक उचलला तर काय मिळेल याचे उत्तर दोन्हीकडे वेगळे आहे. मी त्या वस्तूला लगेच 'बाइट्स' लावते. दोन्ही आवृत्त्यांत मजकूर जसाच्या तसा मिळतो. एकेका बाइटचा आकडा हवा असेल तर त्यावर 'बाइटअ‍ॅरे' लावावे, कारण त्यातून घटक उचलला की २ मध्येही आणि ३ मध्येही पूर्णांकच मिळतो. अनेक बाइटांचे फील्ड असेल तर स्ट्रक्ट मॉड्यूलचे 'अनपॅक' वापरावे आणि बाइटक्रम स्पष्ट लिहावा.

प्रेटी-प्रिंटरच्या 'चिल्ड्रन'बद्दल, म्हणजे स्ट्रक्चरमधले घटक एकेक करून देणाऱ्या फंक्शनबद्दल, तुम्ही वेगळे विचारले होते. तुमच्या कोडमध्ये इटरेटरचे क्लास आहेत आणि त्यांत 'नेक्स्ट' हे फंक्शन आहे; पायथन ३ ला त्याच नावाला दोन्ही बाजूंनी दुहेरी अधोरेखा लागतात. लिबस्टडसी++ वाल्यांनी यासाठी एक छोटा मूळ-क्लास केला: लिहायचे ते नव्या नावाने, आणि पायथन २ मध्ये जुने नाव फक्त नव्याला बोलावते. जुना कोड फार असेल तर तोच मार्ग घ्यावा. नव्याने लिहायचे असेल तर इटरेटर क्लास लिहूच नये. 'यील्ड' वापरणारे साधे जनरेटर फंक्शन लिहावे, म्हणजे नावाचा प्रश्नच उरत नाही आणि कोडही निम्मा होतो.

'सिक्स' ही सुसंगतीची लायब्ररी वापरावी का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. ती चांगली आहे, पण जीडीबीच्या पोटातल्या पायथनला ती सापडेलच याची खात्री नसते, आणि ग्राहकाच्या बंदिस्त सर्व्हरवर काही बसवण्याची मुभा नसते. डीबगर स्क्रिप्टने पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीखेरीज कशावरही विसंबू नये. त्या लायब्ररीतलेही जपून घ्यावे: 'इंप' मॉड्यूल पायथन ३.१२ मध्ये काढून टाकले गेले, 'कलेक्शन्स'मधून थेट 'इटरेटर' किंवा 'मॅपिंग' आयात करणे ३.१० पासून बंद झाले. शिवाय रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये साध्या अवतरणात लिहिलेली उलटी तिरपी रेघ ३.१२ पासून उघड इशारा देते. प्रेटी-प्रिंटर टाइपचे नाव रेग्युलर एक्स्प्रेशननेच ओळखत असल्यामुळे अशा ओळी तुमच्याकडे नक्की असतील. त्यांच्यापुढे आर लावून त्या रॉ कराव्यात, २.७ लाही ते चालते.

इथवर फक्त पायथनच्या आवृत्तीचे झाले. तुमच्या स्क्रिप्टवर प्रत्यक्षात तीन घड्याळांची सत्ता चालते आणि ती तिन्ही वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात: जीडीबीच्या पोटातले पायथन, जीडीबीने पायथनला देऊ केलेली फंक्शन्स, आणि ज्या प्रोग्रामला तुम्ही डीबग करता त्याची अंतर्गत रचना.

दुसऱ्या घड्याळासाठी जीडीबीचा आवृत्ती-क्रमांक वाचू नये. एक तर तो मजकूर असतो. रेड हॅटच्या जीडीबीमध्ये त्याच्या सुरुवातीलाच वितरणाचे पूर्ण नाव असते, त्यामुळे पहिला बिंदू शोधून त्याआधीचा आकडा घेणारा कोड तिथे कोलमडतो. दुसरे म्हणजे वितरक नवी वैशिष्ट्ये जुन्या क्रमांकात आणून बसवतात. म्हणून हवी ती गोष्ट तिथे आहे का, हे 'हॅजअ‍ॅट्र'ने थेट विचारावे. जीडीबी १४ मध्ये प्रेटी-प्रिंटरांसाठी 'व्हॅल्यूप्रिंटर' हा नवा मूळ-क्लास आला, तेव्हा लिबस्टडसी++ ने हेच केले: तो असेल तर त्याच्यापासून, नसेल तर साध्या 'ऑब्जेक्ट'पासून आपले प्रिंटर काढले. एररच्या बाबतीत जीडीबीने आपण होऊन सोय ठेवली आहे. 'जीडीबी-एरर' हा प्रकार मुद्दाम 'रनटाइमएरर'पासून काढलेला आहे, त्यामुळे 'रनटाइमएरर' पकडले तर जुन्या आणि नव्या दोन्ही जीडीबींत ते पुरते. एक गमतीची बाबही सांगते: जुने पायथन शोधण्यासाठी तुम्ही 'हॅज-की' किंवा 'आयटरआयटम्स' हे शब्द सगळीकडे शोधाल, पण जीडीबीच्या 'टाइप' वस्तूला ही फंक्शन्स पायथन ३ मध्येही आहेत. ती जीडीबीची आहेत, डिक्शनरीची नाहीत, आणि ती तशीच राहू दिली तरी चालतात.

तिसरे घड्याळ बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सीपायथनच्या, म्हणजे पायथनच्या मूळ प्रमाण इंटरप्रिटरच्या, स्रोतासोबत जीडीबीसाठी 'लिबपायथन' नावाची स्क्रिप्ट येते. तिच्याने पायथन प्रोग्रामचा कॉल-स्टॅक पाहता येतो. या फाइलमध्येच अशी सूचना लिहिलेली होती की काही जीडीबी पायथन ३ ला जोडलेले असतात, म्हणून ही फाइल २.६ आणि ३ या दोन्ही व्याकरणांत बसली पाहिजे. पण ती ज्या पायथनमध्ये चालते ते वेगळे आणि ज्या पायथनला तपासते ते वेगळे. ३.११ मध्ये फ्रेमची अंतर्गत रचना बदलली, ३.१२ मध्ये पूर्णांक साठवण्याची पद्धत बदलली. तपासल्या जाणाऱ्या पायथनच्या आवृत्तीचीच स्क्रिप्ट घ्यावी लागते, जीडीबीच्या पोटात काहीही असो. सी++ मध्ये याचे समांतर उदाहरण जीसीसी ५ चे: तिथे स्टड-स्ट्रिंगची रचना बदलली आणि जुनी व नवी स्ट्रिंग एकाच प्रोसेसमध्ये नांदू शकते, म्हणून प्रिंटरला टाइपच्या नावातला 'सीएक्सएक्स११' हा भाग पाहून ठरवावे लागते. तुमच्या स्वतःच्या स्ट्रक्चर्ससाठीही तसेच करावे. प्रोग्रामची आवृत्ती विचारण्याऐवजी टाइपमध्ये हवे ते फील्ड आहे का ते पाहावे, आणि नसेल तर अंदाजाने वाचण्यापेक्षा 'ही रचना ओळखीची नाही' असे स्पष्ट छापावे. ही स्क्रिप्ट प्रोग्रामच्या स्रोतासोबतच, त्याच रिपॉझिटरीत ठेवावी. ती निराळी ठेवली की हे घड्याळ निश्चितच चुकते.

टेस्टबद्दल थोडक्यात सांगते. ज्ञात डेटा भरलेला एक छोटा सी++ प्रोग्राम, एक ब्रेकपॉइंट आणि अपेक्षित आउटपुटची एक फाइल एवढे पुरे. सेंटओएस ७ चा एक कंटेनर आणि उबंटूच्या चालू आवृत्तीचा एक, अशा दोन ठिकाणी जीडीबी बॅच पद्धतीने चालवावा आणि 'एनएक्स' हा पर्याय द्यावा, म्हणजे कोणाच्या घरच्या जीडीबीइनिट फाइलची सावली त्यावर पडणार नाही. बॅच पद्धतीतला एक्झिट कोड विश्वासार्ह समजू नये. स्क्रिप्टने शेवटी स्वतः 'सर्व ठीक' अशी ओळ छापावी आणि ती ओळ आली नाही तर टेस्ट नापास धरावी. डिक्शनरीतून छापताना क्रम लावून छापावे, नाहीतर २.७ वरचा क्रम वेगळा येऊन टेस्ट विनाकारण नापास होईल.

तुम्ही जोडलेल्या शेवटच्या एररचा मात्र पायथनशी संबंध नाही. 'कंपायलेशन युनिटच्या हेडरमध्ये चुकीची आवृत्ती, आहे ५, हवी २, ३ किंवा ४' असा जो संदेश जुन्या सर्व्हरवर दिसतो, तो ड्वॉर्फ या डीबग माहितीच्या स्वरूपाबद्दल आहे. जीसीसी ११ पासून ड्वॉर्फ ५ आपोआप वापरले जाते आणि जीडीबी ७.६.१ ला ते वाचता येत नाही. डीबग माहितीच वाचली जात नसल्यामुळे तुमच्या स्क्रिप्टला टाइप सापडत नाहीत आणि दोष तिच्यावर येतो. जुन्या सर्व्हरसाठी बांधताना ड्वॉर्फ ४ चा पर्याय कंपायलरला द्यावा. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये काहीही बदलावे लागणार नाही.

पायथन २.७ चा आधार कधी सोडावा, हे ग्राहकाच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, जीडीबीने १३ व्या आवृत्तीत त्याला जोडून बांधण्याची सोयच काढून टाकली, आणि सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. तुमच्याकडचा शेवटचा असा सर्व्हर निघाला की सुरुवातीच्या त्या छोट्या फाइलमध्ये किमान आवृत्ती ३.६ करावी, रेड हॅट ८ चा जीडीबी तिच्यातच बसतो, आणि रूपांतराच्या मॉड्यूलमधल्या पायथन २ च्या फांद्या एका दिवसात काढून टाकाव्यात. बाकीच्या फायलींना तेव्हा हात लावावा लागला, तर समजावे की आवृत्तीचा फरक त्या दारातून आत शिरला होता.